राणीला आवाज खपत नाही

मामा आधी ओठांवर बोट ठेवायचे आणि मग नमस्कार करायचे. पाहुण्यांची गाडी फाटकाशी लागली, मुलांची आरडाओरड सुरू झाली, कुणाच्या फोनवर गाणं वाजायला लागलं की उंबराखालून ते सावकाश उठायचे. काळे, उंच, खांद्यात जरा वाकलेले, पायात रबरी चपला. ओठांवर बोट ठेवून एकेकासमोर उभे राहायचे. सगळे गप्प झाले की म्हणायचे, "फोन खिशात. गाणं नाय, शिट्टी नाय, गुणगुणणं बी नाय. राणीला आवाज खपत नाही."

राणी म्हणजे त्यांची पांढरी घोडी. तिचं नाव मी सांगतेय, मामांचं सांगणार नाही. ते का, हे शेवटपर्यंत वाचलंत तर तुम्हालाही पटेल. त्या रविवारी डोंगरावर जे घडलं त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. भाजी निवडताना मध्येच हात थांबतो आणि मला पुन्हा त्यांच्या चपलेची टाच दिसते.

बदलापूर सोडून खरवईच्या पुढे डोंगराकडे गेलं की नव्या इमारती संपतात आणि रस्ता एका छोट्या गावाशी येऊन थांबतो. तिथे आमचा कॅम्प. सहा तंबू, एक स्वयंपाकघर, बांबूचं फाटक. मालक डोंबिवलीला राहतात आणि फोनवरून कारभार बघतात. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी वीस वर्षं ऑफिसात टायपिंग केलं तो बंद पडला, तेव्हापासून मी बुवापाड्याहून रोज स्कूटरवर इथे येते. बुकिंग, पाहुण्यांचं स्वागत आणि पत्रकं लिहिणं ही माझी कामं. त्यातलं पत्रकं लिहिणं माझ्या विशेष आवडीचं. शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवायचे, त्यामुळे आपण फार छान लिहितो असा माझा समज झालेला आहे आणि त्याचा त्रास पाहुण्यांना होतो.

मामा आले दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर. उल्हासनगरहून घोडीचा लगाम धरून चालत आले होते. "डोंगराची सवय आहे हिला," एवढंच मालकांना फोनवर बोलले. मालकांना घोडा हवाच होता. शहरातल्या माणसाला नुसता डोंगर पुरत नाही, त्यावर बसायला काहीतरी लागतं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की राणी पंचवीस-तीस पावलं चालली की आपणहून थांबते. थांबते, मान उंचावते, थोडा वेळ एकाच जागी पाय बदलत राहते, मग पुढे निघते. मी मामांना विचारलं, "ही दमते का हो?"

"दमत नाय ताई. तिची चाल आहे."

मी घरी येऊन पत्रकात लिहिलं, 'राणी ठरावीक अंतरावर थांबते, कारण निसर्ग पाहायचा तर थांबावं लागतं, हे तिला ठाऊक आहे.' पाहुण्यांना ते इतकं आवडलं की राणी थांबली की तेही डोळे मिटून लांब श्वास घ्यायला लागले.

तिच्या पोटाखाली भाजल्याची मोठी खूण होती. खोगिराच्या कापडाखाली अर्धी झाकलेली, तिथे केस आले नव्हते. एका पाहुणीने विचारलं तेव्हा मामा दुसरीकडे बघत म्हणाले, "वणव्यात भाजली." मी लगेच दुसरं पत्रक लिहिलं, 'वणव्यातून वाचलेली राणी'. खाली तिचा फोटो. ते आम्ही फाटकावर लावलं.

आणखी एक गंमत होती. फेरी संपवून राणी फाटकाशी आली की आत यायची नाही. खांबासारखी उभी. मग मामा खिशातून भाकरीचा तुकडा काढायचे, वर बसलेल्या माणसावरून ओवाळून बाजूला टाकायचे, तेव्हा कुठे ती पाय आत ठेवायची. मला वाटायचं ही गावची रीत असेल. गावातल्या बायकांना वाटायचं ही कॅम्पवाल्यांची रीत. सव्वा वर्ष आम्ही एकमेकींच्या चालीरीतींचं मनापासून कौतुक केलं.

आणि तिचं पोट! महिन्यातून चार-पाच दिवस तिचं पोट हमखास दुखायचं. मामा त्यांच्या खोपीत टांगलेल्या दिनदर्शिकेपुढे उभे राहायचे, बोटाने तिथी बघायचे आणि मला सांगायला यायचे, "उद्या राणीला बरं नाय." मी म्हणायचे, "उद्या बरं नसेल हे तिला आज कसं कळलं?" ते हसायचे नाहीत. मी समजले की माणूस देवधर्माचा आहे, काहीतरी पाळत असेल. मी स्वतः तिथी-वार काही मानत नाही. आमच्या घरी माझ्या आजोबांच्या पिढीने ते सगळं दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं. पण दुसऱ्याच्या पाळण्यात कशाला तोंड घाला?

तुम्ही तिथे असतात तर तुम्हाला कळलं असतं का? मी हा प्रश्न अनेकांना विचारला आहे. सगळे म्हणतात, "हो, लगेच." मला ते खोटं वाटतं.

पहाटेच्या थंडीत ते राणीच्या शेजारी उकिडवे बसलेले असायचे. एकदा मी लवकर पोचले तर मला हाताने खुणावून जवळ बसवलं.

"ऐका ताई."

मी कान टवकारले. "काय ऐकू? काहीच नाही."

"तेच ऐका," म्हणाले. "एवढं काहीच नाय हिला जन्मात मिळालं नव्हतं."

राणीचे कान तेव्हा सैल सुटले होते, खालचा ओठ लोंबत होता. मामा तिच्याकडे असे बघत होते की मी उगाच चहा करायला उठले. त्या सकाळनंतर मी मालकांच्या मागे लागून डोंगराच्या वाटेवर पाटी लावून घेतली, 'शांत वाट'. तेव्हापासून आमच्याकडे गर्दी वाढली. लोक गप्प बसण्यासाठी लांबून येऊ लागले.

पौष महिना लागला की मामा बदलायचे. महिनाभर राणीचं पोट दुखायचं नाही. मामा दाढी करायचे, स्वयंपाकघरात येऊन दुसरा चहा मागायचे. "पौष राणीचा महिना," म्हणायचे. मला वाटायचं, थंडी मानवते दोघांना.

गेल्या पौषातल्या एका रविवारी मी माझ्या आईला कॅम्पवर आणलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. काडेपेटीच्या कारखान्यात तिने आयुष्य काढलं, बोटांची टोकं अजून काळी आहेत. तिला एकदा घोड्यावर बसायचं होतं. हे ती माझ्या लहानपणापासून म्हणत आली होती आणि मी दर वेळी "बसू या की" म्हणून टाळलं होतं. मालकांचा नियम होता की पासष्टीच्या वरच्यांना घोड्यावर फक्त मैदानात एक फेरी, वरच्या वाटेवर न्यायचं नाही. मीही तेवढंच ठरवलं होतं.

आईने पांढरीशुभ्र साडी नेसली होती, केसांत फूल. मामांनी बघितलं आणि चक्क हसले. "मावशी, राणीच्या रंगाची साडी!"

"मुद्दाम नेसलेय भाऊ," आई म्हणाली.

मामांनी हाताची ओंजळ करून तिला पायरी दिली आणि वर बसवलं. मैदानातली फेरी झाली. आई उतरायला तयार होईना. खोगिराचा पुढचा भाग दोन्ही हातांनी धरून ती समोर बघत बसली आणि एकदम बोलायला लागली. "माझा थोरला भाऊ बसला होता असा. देशावर, आमच्या गावात. त्याच्या लग्नात. वेशीपाशी आल्यावर गावातली माणसं आडवी आली. तुम्हाला घोडा कशाला पाहिजे म्हणाली. पाय धरून खाली ओढला त्याला. फेटा चिखलात पडला. मी आठ वर्षांची होते, मी तो उचलला."

आईने ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. पन्नास वर्षांत कधीच नाही.

मामांनी लगामाची गाठ हाताला एकदा वळसा देऊन घट्ट केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मावशीला वरपर्यंत नेतो."

"मामा, नियम..."

"पौष आहे ताई. काय होत नाय."

पौषाचा आणि नियमाचा काय संबंध, हे मी विचारायला हवं होतं. मी नाही विचारलं. आणखी एक गोष्ट मी केली नाही, तीही इथेच सांगून टाकते. सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, "दुपारी मी नाही हं, आईला घेऊन एके ठिकाणी जायचंय." कुठे ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. आम्हाला जायचं होतं खालच्या बौद्धवाडीत, आमच्या नात्यातल्या मुलीच्या लग्नाला. आईची पांढरी साडी त्यासाठी होती. आमच्याकडे लग्नाला मुहूर्त लागत नाही. रविवार असला की झालं.

वरच्या वाटेवर एक जागा आहे, चाळीसेक पावलांची. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला खाली ओढ्यापर्यंत सरळ उतार. घोडी एका वेळी एकच जाईल एवढी रुंदी. मामा पुढे लगाम धरून, मध्ये आई, मागे मी. आम्ही त्या जागेच्या मध्यावर होतो तेव्हा खालून ताशा वाजला.

आधी नुसता ताशा, मग सगळा बँड. नवऱ्याकडची मंडळी आली होती. डोंगरात आवाज घुमतो, त्यामुळे तो आमच्या पायांखालीच वाजतो आहे असं वाटलं.

राणी थांबली. तिचे कान ताठ उभे राहिले, मान कमानीसारखी वळली आणि ती नाचायला लागली. खोटं नाही सांगत, नाचायला लागली. पुढचे पाय आळीपाळीने उचलत, अंग डावीकडे, मग उजवीकडे झुलवत. उजवीकडे झुलली की तिच्या मागच्या खुराखालून दगड सुटायचे आणि खाली गेलेले ऐकूही यायचे नाहीत. तिच्या पाठीवर माझी आई होती.

मला ओरडताही आलं नाही.

मामांनी वळून बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला. तो भीतीचा नव्हता, फसवणूक झालेल्या माणसाचा होता. "पौषात बँड?" ते म्हणाले. मोठ्याने, खालच्या दरीला विचारल्यासारखं. "पौषात कोण लग्न करतंय?"

मग त्यांनी लगाम सोडला. ओढला नाही, सोडला. नंतर मला समजलं की ओढला असता तर ती मागच्या पायांवर उभी राहिली असती, तिला तसंच शिकवलेलं होतं. ते दोन पावलं पुढे गेले, वळले, तोंड राणीकडे आणि पाठ वाटेकडे केली, दोन्ही हात वर उचलले आणि नाचायला लागले.

हा माणूस! ज्याने सव्वा वर्षात कुणाला गुणगुणू दिलं नव्हतं, तो बँडच्या ठेक्यावर खांदे उडवत, कंबर हलवत, चुटक्या वाजवत नाचत होता आणि नाचता नाचता एकेक पाऊल मागे सरकत होता. मागे न बघता. रबरी चपलांनी. राणीची नजर त्यांच्या हातांवर खिळली होती. ते एक पाऊल मागे गेले की ती एक पाऊल पुढे यायची. ते जागच्या जागी नाचले की तीही नाचायची, आणि ते कातळाच्या बाजूला झुकले की तीही कातळाकडे झुकायची.

"मावशी, खाली बघायचं नाय," ते म्हणत होते, श्वास लागलेला, पण आवाज सरळ. "माझ्याकडं बघा. नवरदेव कधी खाली बघतो का? मान वर ठेवा. घट्ट धरा."

एकदा त्यांची डावी टाच कडेच्या बाहेर गेली. मी बघितली ती टाच. चपलेचा अर्धा भाग हवेत होता. त्यांनी तो पाय तसाच उचलला, ठेक्यात उचलला, आणि आत ठेवला.

वीस पावलं असतील. मला विचाराल तर मी दिवसभर तिथे उभी होते. करवंदाच्या जाळीपाशी वाट रुंद होते, तिथे राणी पोचली तशी मामांनी झेप घेऊन तिचा लगाम पकडला, आईला दोन्ही हातांनी उचलून खाली घेतलं आणि स्वतः मातीत बसले. खाली बँड वाजतच होता. राणी तिथेही नाचत होती.

यापुढचं सांगताना मला लाज वाटते. मी आईला विचारलं नाही, पाणी दिलं नाही. मी मामांवर तुटून पडले. "कसली घोडी आहे ही? माझी आई मेली असती!"

"लग्नातली आहे ताई," ते म्हणाले. "अकरा वर्षं वराती केल्या आम्ही. उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण. एकदा पोरांनी फटाक्यांची माळ तिच्या पोटाखाली टाकली. तेव्हा मी ठरवलं, बास. हिला आवाज नाय ऐकू द्यायचा आता. मुहूर्त असला की मी तिला बाहेर काढत नव्हतो. पौषात मुहूर्तच नसतो, म्हणून... खोटं बोललो. चूक झाली."

सव्वा वर्षाचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर एका ओळीत उभं राहिलं. पंचवीस पावलांवरचं थांबणं, फाटकातला भाकरतुकडा, पोटदुखी, वणवा. माझी ती पत्रकं. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यातला थोडा राग माझ्या निबंधांची फजिती झाल्याचाही होता. मी तिथूनच मालकांना फोन लावला. सगळं सांगितलं. मालक म्हणाले, "आजच्या आज काढ दोघांना." मी फोन मामांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि राणीचा लगाम खांद्यावर टाकून तिच्याबरोबर उतरायला लागले. तिच्या कानांवर त्यांनी आपले दोन्ही तळवे ठेवले होते. तसं चालणं फार अवघड असतं.

आई लग्नात जेवली, वधूवरांवर फुलं टाकली. संध्याकाळी बुवापाड्याला घरी आल्यावर साडीची घडी घालता घालता मला म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं फोन करायला?"

"आई, तू पडली असतीस!"

"वर मी होते. मला भीती वाटली का, ते विचारलंस का तू?" तिने घडी मांडीवर ठेवली. "आमच्या भावाला वेशीवर उतरवला गं. आज एक माणूस दरीच्या काठावर माझ्यापुढं उलटा नाचत गेला, मी पडू नये म्हणून. तुझ्या फोनने त्याला कुठं पाठवलंस, कळतंय का तुला?"

तेव्हा मला कळलं. पेन्शन नाही, घर नाही, आणि हाताशी एकच घोडी, जिला एकच काम येतं. माझ्या फोनने त्या दोघांना शांततेतून उचलून परत बँडपुढे नेऊन उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कॅम्पवर पोचले. खोप रिकामी होती. झाडून ठेवलेली होती. भिंतीवर दिनदर्शिका तेवढी राहिली होती. लग्नाच्या प्रत्येक तिथीला लाल पेनाने गोल केलेला. पौषाचं पान आधी कोरं असायचं, आणि त्यातल्या सगळ्या रविवारांवर आता नवे गोल काढलेले होते. आमची लग्नं रविवारी होतात हे त्यांना खाली कुणीतरी सांगितलं असणार, आणि जाण्याआधी बसून त्यांनी ते काढले असणार. कुणासाठी काढले कोण जाणे.

'वणव्यातून वाचलेली राणी' हे पत्रक मी फाटकावरून काढून टाकलं. 'शांत वाट' ही पाटी आहे अजून. पाहुणे पायी जातात, अधूनमधून आपणहून थांबतात, लांब श्वास घेतात. कुणीतरी त्यांना तसं सांगितलेलं असतं.

मी त्यांना शोधलं. उल्हासनगरातल्या दोन बँडवाल्यांकडे विचारलं, पण नुसत्या 'मामा'वर कोण सापडतो? त्यांचं नाव मला माहीत होतं, पण ते घेऊन चौकशी केली तर एखाद्याला घोडीचा त्या दिवशीचा प्रकार कळेल आणि आहे ते कामही जाईल, या धास्तीने मी ते कुठे उच्चारलं नाही. म्हणून इथेही नाही.

मग वैशाखात, भर दुपारी, मी उल्हासनगरच्या बाजारातून पडद्याचं कापड घेऊन निघाले होते आणि चौकात वरात आडवी आली. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर. छातीत धडधडत होतं. मध्ये पांढरी घोडी, डोळ्यांवर सोनेरी झालर, नवरदेव घामाने निथळलेला. घोडी पंचवीस पावलं चालली आणि थांबली. तिच्यापुढे लाल कोट घातलेला, उंच, खांद्यात वाकलेला एक माणूस दोन्ही हात वर करून उलटा नाचत होता.

मी गर्दीत घुसले. कोपरं खाल्ली, चप्पल तुटली. त्यांच्यापासून चार हातांवर पोचले आणि जीव खाऊन ओरडले, "मामा! माझं चुकलं! आई तुमची आठवण काढते! मामा!"

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पण त्यांनी मला बघितलं. एक क्षण त्यांचे हात हवेत तसेच राहिले. राणीही थांबली. मग त्यांनी उजवा हात खाली आणला आणि त्या सगळ्या दणदणाटात, माझ्याकडे बघत, ओठांवर बोट ठेवलं.

आणि पुन्हा हात वर करून, मागे न बघता, एकेक पाऊल मागे जात राहिले.